पहिलं फूल देवाला

आमच्या सासूबाईंनी कोकणातून, त्यांच्या माहेरच्या कुंपणावरून, जुईची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. एसटीच्या अख्ख्या प्रवासात ती त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आम्ही सानपाड्यात तळमजल्यावर घर घेतलं होतं आणि घरामागे, दोन इमारतींच्या मधोमध, चार पावलं रुंदीची जमीन आमच्या वाट्याला आली होती. ऊन तिथे जेमतेम तासभर यायचं. पावसाळा लागला की जागा इतकी गार आणि ओली व्हायची की भिंतीला शेवाळ आणि आमच्या चपलांना बुरशी. मी तिला बागच म्हणायचे. चाळीत वाढलेल्या बाईला स्वतःची माती मिळाली की तिला हरखायला आणखी काही लागत नाही.

फांदी लावली त्याच दिवशी सासूबाईंनी दोन नियम केले. पहिलं फूल देवाला. आणि ते वाहीपर्यंत वेलाला कात्री लावायची नाही.

"माझ्या माहेरचा वेल आहे. आधी देवाला फूल जाऊ दे, मग काय ते छाटा."

आमचे हे सरकारी नोकरीतले. नियम म्हटला की त्यांना बरं वाटतं. त्यांनी भिंतीला सुतळी बांधून दिली आणि विषय संपवला.

वेल वाढला. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, कुजलेलं शेण, जे दिलं ते त्यानं खाल्लं आणि पानांवर पानं काढली. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, फूल मात्र एक नाही. सासूबाई रोज संध्याकाळी मागच्या खिडकीत बसून त्याच्याकडे बघायच्या. परक्या घरात नांदायला पाठवलेल्या लेकीची काळजी करावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. तिसऱ्या वर्षी माझ्या नणंदेचं लग्न झालं आणि तिची पहिली मंगळागौर आमच्याकडे ठरली.

"गौरीला आपल्याच जुईची फुलं वाहायची," सासूबाई म्हणाल्या. आणि मग हळूच, "आली तर."

ते "आली तर" माझ्या जिव्हारी लागलं. आणि मी चिडले की मला समोर कुणीतरी लागतंच.

दुसऱ्या मजल्यावर मराठवाड्यातलं एक बौद्ध कुटुंब राहायचं. बाई नोकरीला जायची, दोन मुलं शाळेत. त्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांचं निळीचं पाणी थेट आमच्या वेलाच्या मुळाशी ठिबकायचं. सापडला चोर! मी तडक दोन जिने चढून गेले आणि दारातूनच सुनावलं, "तुमच्या निळीमुळे आमचा वेल फुलत नाही."

"पण ताई, येल तर..." ती म्हणाली.

पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. तिनं माझं सगळं बोलून होऊ दिलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं ताई. आता न्हाई पडायचं पानी."

मी गड जिंकल्यासारखी खाली आले. मी गड जिंकल्यासारखी खाली आले. वेल काही फुलला नाही, आमचं बोलणं मात्र बंद झालं. गेटपाशी समोरासमोर आलो की दोघी छत्र्या आडव्या धरायचो.

मंगळागौरीच्या आदल्या दिवशी हे वाशीच्या बाजारातून फुलं आणायला निघाले. सासूबाई पत्री निवडत होत्या. "आण बाबा," त्या म्हणाल्या, "ह्या खाडीच्या मातीत जुई कसली येतेय." मला रडूच आलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात वरची बाई, हातात ओल्या रुमालानं झाकलेली परात. मला वाटलं, भांडायला आली. पण तिनं तोंड उघडायच्या आधीच वास आला. तिनं रुमाल काढला, तर परातभर जुईच्या कळ्या.

"उद्या तुमच्याकडं पूजा हाय असं पोरं सांगत होती. म्हटलं, हाताला लागतील तेवढ्या कळ्या न्याव्या. आवो, दोन म्हयने झाले, येल आमच्या किचनच्या ग्रिलवर पसरलाय. आमाला वाटलं, तुमीच मुद्दाम वर सोडलाय."

आम्ही तीन वर्षं मुळाशी बघत बसलो होतो. कात्री लागली नाही म्हणून वेल पहिल्या मजल्याच्या रुंद छज्ज्याआडून उन्हाच्या शोधात वर पळाला होता. खालून काही दिसायची सोयच नव्हती.

सासूबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, चार ठिकाणी थांबत त्या दोन मजले चढल्या. मी मागे. वरच्या स्वयंपाकघराची खिडकी हिरवीगार होती आणि राहिलेल्या कळ्या उमलायला लागल्या होत्या. फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती, समोर वाटीभर जुई. आणि ओट्यापासून दारापर्यंत बांधलेल्या दोरीवर शाळेचे पांढरे शर्ट, त्यांच्यावर रोखलेला टेबलफॅन. भर पावसाळ्यात ती बाई माझ्या वेलासाठी दोन महिने कपडे घरात वाळवत होती. लाजेनं मला मान वर करवेना.

"पहिलं फूल कधी आलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"जूनमधीच, आजी. यांच्यापुढंच ठेवलं," ती मूर्तीकडे बघून म्हणाली.

"ते देवाला जायचं होतं."

ती बाई जरा अवघडली. "आमी त्यांना देव न्हाई म्हणत, आजी."

"नका म्हणू. पोचलं ना?" असं म्हणून सासूबाईंनी ग्रिलमधला एक शेंडा गालाला लावला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौर जुईनं झाकून गेली. वरची बाई आली, माझ्याशी फुगडी खेळली आणि मला दमवलंन.

बुधवारी पावसानं उघडीप दिली. मी मागे जाऊन वर तोंड करून ओरडले, "अहो, कपडे बाहेर घाला!"

"येलावर पानी पडंल ना, ताई!"

"पडू दे!"

थोड्या वेळानं पानांवर निळे थेंब टपटपायला लागले. सासूबाईंनी खिडकीतली खुर्ची ओढली आणि ते बघत बसल्या.