मडक्यातले स्पीकर आणि मधली खुर्ची

आमच्या घरात गाण्याचा आवाज फार सुरेख यायचा, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या भावाला मिळालं. इतकी वर्षं झाली, ते मला अजून पचलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या पेठेत आमचं अत्तर, सुरमा, उदबत्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मी कॉलेजात जात होते. भाऊ इंदापूरला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात कामाला होता. तिथं मामाकडे राहायचा, सुट्टीला घरी यायचा. विजेच्या वायरला हात लावणारा घरात तो एकटाच, तेव्हा आवाजातलंही त्यालाच कळणार, असं अब्बांनी ठरवून टाकलं होतं. एका सुट्टीला तो स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर, एक जुना कॅसेट डेक आणि कुठल्याशा जीपमधून काढलेले दोन स्पीकर घेऊन आला. सोबत दोन मडकी. तेव्हा आमच्याकडे घरोघरी स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवायचे. लाकडी पेटीपेक्षा मडक्यात आवाज घुमतो, ठोका भरदार येतो.

पहिल्याच दिवशी कव्वाली लावली, तर गाणाऱ्याच्या घशात माशी अडकल्यासारखा आवाज. भावानं वायरी काढल्या, जोडल्या, पुन्हा काढल्या. अम्मा आत भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "त्यातलं एक मडकं तडकलंय."

"अम्मा, ह्ये पाण्याचं मडकं न्हाय," भाऊ म्हणाला, आणि अब्बा हसले.

अम्मा पिठाच्या हातानं बाहेर आली, दोन्ही मडक्यांवर बोटाचं पेर आपटलं. एक खणखणीत वाजलं, दुसरं बद्द. तडा केसाएवढा होता, पण होता. हसणं थांबलं, चुकलो असं मात्र कुणी म्हणालं नाही.

पुढच्या महिन्यात अम्मा माहेरी, इंदापूरला गेली. मी बरोबर होते. कुंभाराच्या दारात बसून तिनं एकेक मडकं वाजवून पाहिलं. एवढं तर सगळ्याच बायका करतात, पण अम्मा दोन-दोन मडकी शेजारी ठेवून आलटूनपालटून वाजवत होती. दोन्हींचा नाद एक यायला हवा होता तिला. कुंभार वैतागला. "पोरीला नवरा बघताय का काय?" म्हणाला. तरी तिनं मनासारखी जोडी मिळेपर्यंत बूड हलवलं नाही. ती जोडी तिनं मांडीवर घेऊन एसटीतून बारामतीला आणली. घरी आल्यावर जुन्या साडीच्या दोन चुंबळी केल्या, डोक्यावर घागर घेताना ठेवतात तशा, आणि मडकी त्यांवर बसवली. त्याबरोबर फरशीतून येणारी थरथर गेली.

आता आवाज असा लागला की रस्त्यानं जाणारा माणूस थांबावा. पणदऱ्याचे एक आबा बाजारच्या दिवशी आमच्याकडे उदबत्ती घ्यायला यायचे. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरानं काय आवाज काढलाय वो!" अब्बांची मान ताठ झाली. भाऊ नम्रपणे खाली बघत हसला. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. मी आत जाऊन अम्माला म्हणाले, "तू सांग की, मडकी कुणी आणली ते." ती म्हणाली, "असू दे. पोरगं खूश हाय."

मला या 'असू दे'चा भयंकर राग यायचा.

दोन मडक्यांच्या बरोबर मधे, भिंतीपासून चार पावलांवर, एक लोखंडी खुर्ची होती. त्या खुर्चीत बसलं की गाणाऱ्याचा आवाज या मडक्यातूनही यायचा नाही आणि त्यातूनही नाही. तो मधोमध, रिकाम्या हवेतून यायचा. पेटी डावीकडे, टाळ्या उजवीकडे, आणि मधे तो माणूस. दोन पावलं बाजूला सरकलात की खेळ खलास. ती खुर्ची अब्बांची, अब्बा नसले की भावाची, पाहुणे आले की पाहुण्यांची. अम्माची जागा चुलीपुढे, भिंतीपलीकडे. भिंतीतून नुसता ठोका जातो, गळा जात नाही. ती एकदा म्हणालीही, "मला नुसतं धबधब ऐकू येतंय. गाणारी कुठं गेली?" अब्बा म्हणाले, "आवाज वाढवू का?" आणि त्यांनी वाढवला. म्हणजे धबधब वाढली.

वर्षभरानं आवाज दबला. वाकळ पांघरून गावं तसा. भाऊ म्हणाला कॅसेटा जुन्या झाल्या. अम्मा म्हणाली, "सगळ्या कॅसेटा एकाच दिवशी कशा जुन्या व्हतील? मशीनलाच काय तरी झालंय." मग भावाला आठवलं की डेकचं हेड, म्हणजे कॅसेटची फीत जिथं घासत जाते तो तुकडा, मधून मधून स्पिरिटनं पुसावं लागतं. पण स्पिरिट म्हणजे दारू, असं अब्बांचं म्हणणं. "माझ्या घरात त्याचा थेंब येणार न्हाय." आमचं सगळं अत्तर बिनदारूचं, हीच दुकानाची शान होती. अब्बांशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

तेव्हा आमच्या उंटावरच्या शहाण्यानं तोड काढली. "अत्तर बी उडतंच की. अत्तरानं पुसू."

अम्मा दाराशी आली. लग्न झाल्यापासून मोठ्या बाटलीतलं अत्तर चिमुकल्या कुप्यांत भरण्याचं काम तिचं. ती म्हणाली, "अत्तर उडत न्हाय बाबा. वास उडतो, तेल ऱ्हातं. माझी बोटं बघ की." तिनं बोटं पुढं केली. कुणी बघितली नाहीत. भावानं खसाच्या अत्तराचा फाया केला, हेड पुसलं, शेजारचं, फीत ओढणारं रबरी चाकही पुसलं, आणि वर ऐटीत म्हणाला, "आता बघा."

दोन दिवस खरंच जरा बरं वाजलं, कारण वरचा मळ निघाला होता. तिसऱ्या दिवशी तेलावर धूळ बसली, चाक निसटायला लागलं, गाणारे पेंगुळले, आणि अब्बांची सगळ्यांत आवडती कॅसेट आत गुंडाळून बसली. पेन्सिलीनं फीत ओढून काढली तर वीतभर चुरगळलेली. एकूण एक कॅसेटला खसाचा वास.

बाजारच्या दिवशी पणदऱ्याचे आबा आले. गाणं बंद का, म्हणाले. अब्बा म्हणाले, "काय सांगू आबा, बायकांचा हात लागला मशीनला. अत्तराचा हात."

भाऊ तिथंच बसला होता, सुट्टीवर आलेला. तो पेन्सिलीनं फीत गुंडाळत राहिला. आबा समजूतदारपणे मान हलवत होते. अम्मा चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होती आणि तिनं ते ऐकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भावावर, अब्बांवर, त्या म्हाताऱ्यावर, आणि शांतपणे चहा ठेवून आत गेलेल्या अम्मावरसुद्धा. तिचे डोळे भरले होते, ते फक्त मला दिसलं. मडकं, चुंबळ, सगळं राहू द्या बाजूला, पण जे करू नका म्हणून ती सांगत होती, तेच तिच्या नावावर चिकटवलं.

माझ्या मैत्रिणीची आई दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं मला औषधाच्या छोट्या बाटलीत बोटभर स्पिरिट आणून दिलं. अब्बा दुकानात होते, भाऊ इंदापूरला परतला होता. दुपारी मी झाकण उघडलं आणि हेड पुसलं. कापूस काळा झाला, दुसरा घेतला, तोही काळा. पाचवा पांढरा निघाला. रबरी चाकावर मात्र स्पिरिट नको, असं मैत्रिणीनं बजावलं होतं, म्हणून ते साबणाच्या पाण्यानं पुसून वाळवलं. मग आत जाऊन अम्माचा हात धरला.

"भांडी पडलीत," ती म्हणाली.

"पडू दे."

तिला मी मधल्या खुर्चीत बसवलं. ती टोकावर बसली, पाहुण्याच्या घरी बसतात तशी. तिला आवडणाऱ्या बाईची कॅसेट लावली. त्या बाईनं पहिला आलाप घेतला आणि अम्मानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग समोर पाहत राहिली. मागे कधी टेकली, तिचं तिलाही कळलं नसेल. श्वास घेताना त्या बाईचा घसा किंचित घासायचा, तेवढंही ऐकू येत होतं.

"ही हितंच उभी हाय की गं," अम्मा म्हणाली.

तेवढ्यात अब्बा चहासाठी आत आले. ते नेमके समोर, दोन मडक्यांच्या मधे येऊन उभे राहिले.

"मशीन चालू झाली? कुणी केली?"

"आपल्या पोरीनं," अम्मा म्हणाली. "आन् ती मी न्हवती बिघडवली. जरा सरका, मधी उभं राहू नगा, आवाज अडतोय."

अब्बा सरकले. भिंतीशी चटईवर बसले. चहाचं नाव काढलं नाही. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. आम्ही जिंकलो, असं वाटलं मला.

एक बाजू संपली. कॅसेट उलटी करायला मी वाकले, तेव्हा अम्मानं हळूच विचारलं, "तू बी बसायचीस व्हय हितं?"

दुपारी अब्बा आणि भाऊ नसताना मीच बसायचे की. नाहीतर आवाज मधोमध कुठं येतो, ते मला कुठून कळणार?

"व्हय," मी म्हणाले. "कधी कधी."

"आन् मी तवा आतच असायची?"

"व्हय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "मग मला का न्हाय हाक मारलीस?"