गुलजारबीची ऱ्हायलेली गोळी

अल्लाउद्दीन मोटरवाल्याचं नाव भोरात कुणालाही विचारा. लगेच सांगतील, "तो व्हय, गोळीच्या मशीनवाला! बायकोचं भूत पेटीत घालून बसला व्हता." असं बोलणाऱ्याच्या कानाखाली काढावी असं मला अजून वाटतं. माणूस गेला तरी लोकांच्या जिभेला आराम न्हाई. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगतो. माझी अब्रू जाईल त्यात, जाऊ दे.

मी सोपान पेंटर. एसटी स्टँडाच्या आसपासच्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. शेजारचा गाळा भाईचा. मी त्यांना भाईच म्हणायचो, वयानं दहा वर्षांनी थोरले. जळलेल्या मोटरी भरून द्यायचे. पाली, गुंजवणे, पार वेल्ह्यापासनं लोक पंप घेऊन यायचे. तांब्याची तार गुंडाळताना हा माणूस आकडे मोजायचा न्हाई, गुणगुणायचा. गाणं संपलं की वेढे बरोबर भरलेले असायचे. हे म्या स्वतः मोजून बघितलंय, कारण माझा विश्वास बसला नव्हता.

तरुणपणी भाई मुंबईला जुनी जहाजं तोडायच्या कामावर होते. एका जहाजात खलाशांच्या करमणुकीचं एक मशीन निघालं. उतरती फळी, वर काच. दांडी ओढून सोडली की लोखंडी गोळी वर उसळते, खांबांना थडकत, घंट्या वाजवत खाली येते. खाली दोन पट्ट्या, त्यांनी ती परत वर मारायची. एका डावात पाच गोळ्या. पाठीमागच्या उभ्या काचेत आकड्यांची चाकं फिरतात. भाईंनी ते भंगारात घेतलं, वीज जमवायला ट्रान्सफॉर्मर बसवला आणि वेल्ह्याच्या जत्रेत, भोंगवलीच्या जत्रेत टेम्पोतनं न्यायला लागले. लोकांनी त्याला गोळीचं मशीन म्हटलं, तेच नाव पडलं.

उभी काच मुंबईहून येतानाच फुटली होती. नवी म्या रंगवली. काचेच्या मागनं, उलट्या अक्षरात, आरशात बघून. मशीनला जास्त हिसडा दिला तर ते बंद पडायचं आणि काचेवर एक इंग्रजी शब्द पेटायचा. गुलजारभाभी म्हणाल्या, "त्यो इंग्रजी शब्द कशाला? रुसलीय ती, सरळ तसंच लिवा." म्या लिहिलं: 'रूसली'. जत्रेत मशीन अडलं की पोरं ओरडायची, "रुसली रे रुसली!" आणि भाभी तोंडाला पदर लावून हसायच्या.

भाभीएवढं ते मशीन कुणालाच जमलं न्हाई. दुकानात गिऱ्हाईक नसलं की उभ्याच. चौऱ्याण्णव साली, असंच दुपारी बाराच्या सुमाराला, त्यांच्या चार गोळ्या संपल्या होत्या. पाचवी दांडीपाशी येऊन थांबलेली. तेवढ्यात तव्याची आठवण झाली. जाता जाता म्हणाल्या, "माझी एक गोळी ऱ्हायलीय. कुणाला हात लावू देऊ नका, भाकरी टाकून आलेच." मी तिथंच उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. आत गेल्या आणि चुलीपुढंच कोसळल्या. डॉक्टर येईपर्यंत खेळ खलास.

त्या दिवसापासनं भाईंनी मशीनची वायर कापली. ही जुनी मशीनं अशी असतात की वीज गेली तरी आकडे जागचे हलत न्हाईत. नवा डाव लावला तरच चाकं शून्यावर येतात. काचेत भाभीचा आकडा थांबला: चार हजार सातशे तीस. गोळी दांडीपाशी. जत्रेला जाणं बंद झालं. फळी उचलली तर गोळी घरंगळंल, म्हणून भाईंनी फळीसुद्धा कधी उचलली न्हाई. "डाव तिचा हाय," म्हणायचे. "अर्धा हाय. अर्ध्या डावातनं माणूस जात न्हाई."

मी म्हणायचो, बाबा, दुःख असतं, चालायचंच. मग एकदा दुपारी डबा खात त्यांच्यापाशी बसलो होतो. बारा वाजलेले. रखरखीत ऊन. आणि मशीनमधली घंटी वाजली. टिंग. एकदाच.

माझ्या हातातला घास हातात. वायर कापलेली, गोळी जागेवर, उंदीर म्हणावा तर सगळीकडं जाळी. भाई माझ्याकडं बघून हसले, एखाद्याच्या घरी पाळणा हलावा तसे खुशीत. "आज आली," म्हणाले. "पंधरा-वीस दिवसांनी येते." त्यांना भीती म्हणून नव्हती. बायको दारात येऊन हाक मारून गेली, एवढंच त्यांचं म्हणणं. मी मात्र त्या दिवसापासनं डबा माझ्याच गाळ्यात खायला लागलो.

दोन हजार एकला राजगडावर आलेल्या कुण्या ट्रेकवाल्यानं मोटर भरायला आलेल्या पालीच्या माणसाबरोबर दुकानात डोकावून मशीनचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. महिन्याभरात पुण्याहून आनंदराव हजर. हा गृहस्थ जुनी असली मशीनं गोळा करायचा. बंगल्याचा एक मजला असल्या मशीनांनीच भरलेला. भाईंच्या मशीनपुढं चपला काढून उभा राहिला, देवळात राहावं तसा. म्हणाला, "ह्या मॉडेलची जगात पन्नास उरली असतील की नाही, शंका आहे. आणि मराठी काचेचं हे एकच. म्हणाल ती किंमत देतो."

"तिचा डाव चाललाय," भाई म्हणाले. विषय संपला.

पण आनंदराव चिवट. तिसऱ्या फेरीला म्हणाला, "मग मला दुसरं करून द्या. परदेशात दुर्मिळ मशीनच्या नव्या प्रती होतात आणि मान देऊन घेतल्या जातात. नक्कल म्हणूनच घेईन, पण हुबेहूब हवी."

भाईंना हे पटलं. कारागिराला हुबेहूब म्हटलं की झिंग चढते. वीस वर्षं दुरुस्त्या करून सगळ्या तारा त्यांना तोंडपाठ. फळी न उघडता त्यांनी आठवणीतनं आख्खं मशीन उभं केलं. कॉइल स्वतः भरल्या, घंट्या ओतून घेतल्या, रबर सायकलच्या ट्यूबचं. जुन्याची पेटी बाहेरनं खराब झालेली, म्हणून दोन्ही पेट्यांना म्या एकच लाल रंग मारला, आणि काचेतनं दिसणारी नवी फळीही जुन्यागत मळकट रंगवली. चाचणी झाली आणि नव्याची वायर काढून गुंडाळून ठेवली. आकडे शून्यावर, गोळी दांडीपाशी. दोन्ही शेजारी ठेवली की आळीतली माणसं डोळे चोळायची.

आता माझं पाप ऐका. नव्या काचेसाठी भाईंनी जुनी उभी काच अलगद वर सरकवून माझ्याकडं दिली होती. आठ दिवस ती माझ्या दुकानात होती. म्या तिचा खाका कागदावर उतरवून घेतला. त्याच आठवड्यात माझी थोरली लेक वनिता घरी आली, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली. काच बघून हसत लोळली. "दादा! 'रुसली' ऱ्हस्व असतं! एवढी वर्षं जत्रेत तुमी चूक मिरवलीत?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आख्ख्या तालुक्याच्या पाट्या लिहिणारा मी, आणि काल शिकलेली पोर मला ऱ्हस्व-दीर्घ सांगते! तिची पाठ फिरताच ब्लेड घेतलं, जुन्या काचेवरची लांब शेपटी खरवडली आणि अक्षर ऱ्हस्व केलं. सुताचा फरक कळंना असं.

आणि नवी काच? ती खाक्यावरनं केली. हात आपला चालत राहिला, दीर्घच लिहून गेला. रंग वाळल्यावर डोक्यात उजेड पडला. म्हटलं, मरू दे, कोण बघतंय. भाईंना सांगायची हिंमत झाली न्हाई, कारण भाभीच्या वस्तूला ब्लेड लावलं होतं.

नेण्याचा दिवस शुक्रवार. भाई जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि तेवढ्यात आनंदरावाचा टेम्पो आला. हमालांनी, कुणाला न विचारता, शहाणपणा करून दोन्ही मशीनं बाहेर काढून रस्त्याकडेला लावली. म्या धावत जाऊन शिव्या घातल्या. मग माझी नजर काचेकडं गेली.

दोन्हीकडं आकडा एकच. चार हजार सातशे तीस.

नव्यावर शून्य होतं, सकाळी मी स्वतः काच पुसली होती. हमालांना दटावून विचारलं, तर ते रडकुंडीला आले. "आमी फकस्त पायाला धरलं, मालक. आत हात जातोय कुठनं?" 

भाई टोपी काढत आले. बघितलं.  एकदा ह्या पेटीवर हात ठेवला, एकदा त्या. "सोपान, ह्यातली कुठली?" फळी उचलली तर खालच्या जुन्या तारांवरनं झटक्यात कळलं असतं, पण फळी उचलली की डाव गेला. टेम्पोवाला हॉर्न मारतोय, एसटी अडलीय, कंडक्टर बोंबलतोय. मग भाईंचा चेहरा एकदम उजळला. "अरे, तुझी चूक हाय की! जत्रेत शाळकरी पोरं हसायची, तुला कधी बोललो न्हाई. नव्यावर तू नीट केलंस जणू. लांब शेपटीवाली माझी. ती ऱ्हाऊ द्या. दुसरी चढवा."

बोल, सोपान, बोल! आतनं जीव ओरडत होता. दोन शब्दांचं काम होतं. पण आळी जमलेली, आनंदराव उभा, आणि म्या काय सांगायचं? की मेलेल्या बाईच्या वस्तूवर म्या चोरून ब्लेड चालवलं, पोरीपुढं शेखी मिरवायला? म्या बाजूला सरकून हमालांना वाट दिली. भाभीचं मशीन माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढलं आणि नाक्यावरनं दिसेनासं झालं. मी हलकट माणूस. दुसरा शब्द न्हाई.

मला वाटलं, आता घंटी बंद पडंल, भाई झुरतील, आणि मग सांगावंच लागंल. घडलं उलटंच. दुसऱ्याच दिवशी बाराला घंटी वाजली. तिसऱ्या दिवशीही. आता रोज. आधी एकदा वाजायची, आता दोनदा, तीनदा. भाई तर नवरदेवागत. बारा वाजायच्या आत दाढी करून, अत्तर लावून स्टुलावर बसायचे. "लई खूश हाय ती, सोपान. रोज येते." आणि मी पलीकडं ब्रश खाली ठेवून घंट्या मोजायचो. कारण ती पेटी नवी होती. तिला भाभीचा हात कधी लागला नव्हता. तिची फळी भोरच्या वखारीतनं मीच खांद्यावरनं आणली होती.

चार महिने काढले. झोप गेली, पाट्या वाकड्या यायला लागल्या. एका दुपारी साडेअकराला भाईंच्या पायाशी जाऊन बसलो आणि सगळं ओकलो. ब्लेड, शेपटी, टेम्पो.

मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. उठले, समोरच्या एसटीडी बूथवर गेले, मी मागं मागं. आनंदरावाला फोन लावला.

"खेळलात का हो मशीन?"

पलीकडनं आवाज फुटत होता, मलाही ऐकू येत होतं. "अहो, आणलं त्याच दिवशी! वायर जोडली, घर भरून पाहुणे होते, सगळे खेळले. झकास चालतंय. काही प्रॉब्लेम?"

"आपोआप... घंटी वाजते का कधी?"

"आपोआप? छे हो!"

भाईंनी फोन ठेवला. म्हणजे चार महिन्यांपूर्वीच भाभीची ती गोळी कुणा अनोळखी पाहुण्यानं उडवली होती, आकडा शून्यावर गेला होता. डाव संपला होता. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आठ वर्षं जपून जगला, ती माझ्या ऱ्हस्व-दीर्घात गेली. मला रडू आवरेना. भाई मात्र रडले न्हाईत, रस्ता ओलांडून दुकानाच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थबकले.

आत घंटी वाजत होती. टिंग. टिंग. टिंग. त्या दिवशी थांबतच नव्हती.

आठ वर्षांत पहिल्यांदा म्या त्या माणसाला भ्यालेलं बघितलं. त्यांनी माझं मनगट धरलं.  आत जायला पाऊल उचलंना. पोरासारखं बारीक आवाजात म्हणाले, "गुलजारचा डाव तर तिकडं संपला. मग रोज ज्याच्यापुढं मी अत्तर लावून बसतोय... ती कोण हाय, सोपान?"

मला काय ठाऊक! मला पळायचं होतं. त्या लाल पेटीकडं बघवत नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं, आता हा माणूस एका शब्दावर उभा हाय. एकदा गप्प बसून त्यांची बायको घालवली होती म्या.

"भाभीच हायत," म्या म्हटलं. "डावासाठी थोडीच यायच्या, भाई? तुमच्यासाठी यायच्या. डाव गेला तरी तुमी हितंच हाय न्हवं?"

भाईंनी विचारलं, "शपथ?"

"पोरीची शपथ," म्या म्हटलं. खोटी. वनिताची.

मग त्यांच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. माझं मनगट सोडलं, टोपी सारखी केली, आत गेले आणि स्टूल मशीनच्या आणखी जवळ ओढून बसले. पुढं पाच वर्षं, मरेपर्यंत, रोज दुपारी तिथंच बसले, आणि मी रोज साडेअकरालाच माझ्या दुकानाचं शटर ओढून घरी जायला लागलो.