उमरेडची बस

काल टोरांटोत सुती साडीला खळ दिली आणि सुताला खळ देणाऱ्या बाबांच्या सदऱ्याचा वास आला. उमरेडचा आमचा हातमाग बंद पडला, तेव्हा नोकरीसाठी ते मला नागपूरला, नंदनवन भागातल्या भाड्याच्या खोलीत सोडायला आले होते.

“मले इथं करमणार नाही, बाबा,” मी बसथांब्यावर म्हणाले.

“करमते वं पोरी, हळूहळू.”

ते बसमध्ये पलीकडच्या खिडकीशी बसले. एकदाही वळून पाहिलं नाही. किती कठोर, असं वाटलं मला.

पुढे परदेशात एकटीनं जम बसवला. आता पैसे कसे सांभाळावेत यावर ब्लॉग लिहिते. वाचक सुरुवातीचे दिवस विचारतात. बसथांब्यावरच्या त्या संध्याकाळबद्दल मी कधी लिहिलं नाही.

पुढे माझ्या मुलीला कॉलेजच्या वसतिगृहात सोडून निघाले, तेव्हा रडू दिसू नये म्हणून मीही वळले नाही. बाबांना फोन करावासा वाटला. पण तोवर ते राहिले नव्हते.