निळ्या पुठ्ठ्याच्या पाच प्रती

बाइंडिंगवाल्या मावशींनी तीस वर्षांत सरकारी अहवाल ढिगाने बांधले, पण कोऱ्या कागदांचा हा पहिलाच. अनाथाश्रमातल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीचा अहवाल अजून छापून व्हायचा होता आणि मंत्र्यांची पत्रकार परिषद दुपारवर आली होती. "आत काहीही घाला मावशी, कॅमेऱ्याला पुठ्ठाच दिसतो," मंत्र्यांचा सचिव म्हणाला. मावशींनी पाच प्रती शिवल्या, निळा पुठ्ठा चढवला, वर सोनेरी अक्षरं ठोकली.

दुपारी दुकानातल्या टीव्हीवर मंत्री एक प्रत छातीशी धरून म्हणाले, "पान उलटताना माझे हात थरथरत होते." विरोधी नेत्याने दुसरी फडकावली आणि पानापानावर सारवासारव आहे म्हणून गळा काढला. वृत्तनिवेदिका तर अहवालातले दहा धक्कादायक खुलासे सांगून मोकळी झाली.

"कोऱ्या कागदावर एवढं कसं वाचलंत रे मेल्यांनो!" खळीचा ब्रश आपटत मावशी करवादल्या.

आठवड्याने खरी पानं आली. एकोणचाळीस मुलांच्या जबान्या. मावशींनी त्या नीट बांधल्या आणि सचिवाला फोन लावला.

"आता कशाला?" तो म्हणाला. "प्रकाशन झालं, चर्चा झाली, साहेबांनी आपली प्रत काचेच्या कपाटात लावलीसुद्धा. त्या राहू द्या तुमच्याकडेच."

मावशींनी फोन आदळला आणि समोरची प्रत उघडली. पहिल्याच जबानीत एका मुलीने सांगितलं होतं, "हे मी आधी तिघांना सांगितलंय. तिघंही म्हणाले, फार वाईट झालं."