सील फोडलेला डबा

पापडीच्या बाजारात मी ज्यांच्याकडून मासे घेते, त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. अर्नाळ्याहून त्या स्वतः टेम्पो चालवत येतात. गिऱ्हाइकाने मागायच्या आधीच माशाचे कल्ले उघडून दाखवतात. एखाद्या माशाचा संशय आला, तर तो बाजूला जातो. कुणी कमी भावात मागितला, तरी तो पुन्हा पाटीत येत नाही.

परवा त्या रिक्षातून पाट्या उतरवत होत्या. सोबत ब्रेक ऑइलचा डबा होता. लेकाने ऑनलाइन मागवलेला.

"टेम्पो कुठाय?"

"उभा हाय घरी. ह्यो ऑइल मी ओतनार नाय. सील बघ कसा उचललाय! असली का नकली, कोन सांगनार?"

"मग परत पाठवा ना."

"लेक पन तेच बोलतो. सील फोडला नाय तर परत घेतात." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आनि मंग ह्यो कोनाच्या गाडीत जाईल, बाय?"

आणि त्यांनी नखाने उरलेलं सील टराटरा फाडून टाकलं.