हंसाच्या घरचं मतदान

तांबे आणि मी आता फक्त लग्नात नाहीतर मयतीला भेटतो. भेटलो की दहा मिनिटांत गाडी बी.ए.च्या पॉलिटिक्सच्या वर्गावर येते. दर खेपेला जुन्या किश्शांत एखादा नवा निघतो. तो खरंच घडला होता की तांब्याने वाटेत रचला, हे मी विचारत नाही, कारण त्यात हंसा असते. ती मला फार आवडायची. ते तिला कधी बोललो नाही, म्हणून आता किस्सेच उरलेत.

*

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. सर 'राज्याची उत्पत्ती' शिकवत होते आणि खालून मोर्चा निघाला. अर्धा वर्ग खिडकीत! सरांनी खडू ठेवला. म्हणाले, "आर्ट्सला प्रॅक्टिकल नसतं अशी तक्रार असते ना तुमची? जा. हजेरी मी लावतो."

वर्ग रिकामा झाला. हंसा तेवढी बसून राहिली. भुलेश्वरची गुजराती मुलगी या मोर्चात कुठे जाणार? मी दारापर्यंत गेलो आणि पाय दुखतोय सांगून परत आलो. सरांनी आम्हा दोघांना अख्खा तास शिकवलं. त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

*

तांबे लालबागचा, वडील मिलमध्ये. त्याच्या आईने एकदा जेवण वाढता वाढता विचारलं, "राज्यशास्त्र शिकतंस ना? मगे आपला राज्य कधी मिळतला ता सांग."

तांबे म्हणाला, "आये, ता सिलॅबसात नाय."

"मगे फी कित्याक भरतंस?"



*

हाच तांबे पहिलं वर्षभर हंसाशी बोलला नव्हता. त्याच्या चाळीतला एक शेजारी गोळीबारात गेला होता. त्यात तिचा काही दोष नाही हे त्यालाही कळत होतं, पण राग कुठेतरी काढायचा असतो.

मग तो टायफॉइडने आडवा झाला. परत आला तेव्हा हंसाने न मागता नोट्स पुढे केल्या. याने वही उघडली आणि बघतच राहिला.

"अगो, हे सगळं गुजरातीत आहे."

"शिकून घे," ती म्हणाली. "परीक्षा लांब आहे."

तांबे शिकला. आजही भुलेश्वरातल्या पाट्या मोठ्याने वाचत चालतो.

*

वर्गात अभिरूप विधानसभा भरायची. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची, त्यात बदल नाही, हा सरांचा नियम. एका वर्षी 'मुंबई महाराष्ट्रातच हवी' ही चिठ्ठी हंसाला आली आणि विरोधाची तांब्याला!

तांबे उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, मी राजीनामा देतो." खाली बसला.

हंसा मात्र पंधरा मिनिटं बोलली. गिरण्या कुणी चालवल्या, गोदीत कोण राबलं, सगळं तिच्या त्या गोड मराठीत. तांब्याचे डोळे भरून आले. अध्यक्षाच्या खुर्चीत मी होतो. टाळ्या वाजवायला लागलो तेव्हा सर मागून म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही तटस्थ आहात."

मी नव्हतो.

*

शेवटच्या वर्षी राज्य मिळायचं नक्की झालं. गिरगावात कंदिलांची तयारी सुरू झाली. हंसाचे वडील सचिवालयात हेडक्लार्क. मुंबईत राहायचं की नव्या गुजरातेत जायचं, हे त्यांना ऑफिसात कळवायचं होतं.

हंसा सांगत आली, "आम्ही घरी गुप्त मतदान घेतलं. अहमदाबादला चार, मुंबईला एक."

"ते एक कुणाचं?" तांब्याने विचारलं.

"गुप्त म्हणजे गुप्त," ती हसून म्हणाली.

तांब्याने मला कोपर मारलं. मला तर शंकाच नव्हती. ती जाणार याचं दुःख होतंच, पण ते एक मत उराशी धरून मी आठवडाभर हवेत होतो. तिला विचारायचं, असं मनाशी पक्कंही केलं.

तेवढ्यात तिचे वडील तिचा दाखला न्यायला कॉलेजात आले. मी त्यांना कँटीनमध्ये चहाला नेलं. त्यांनी चहा बशीत ओतला.

मी धीर करून म्हटलं, "काका, मुंबईला मत कुणी दिलं ते आम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी चमकून वर पाहिलं. "हंसाने सांगितलं? काय करणार भाई, माझा जन्म भुलेश्वरातला. माझा हातच दुसरीकडे जाईना."