ओळंब्याचा पाव

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. कामाच्या दिवशी चारला, रविवारीही चारला. कामाच्या दिवशी तो गवंडी असायचा. रविवारी तो पाव भाजायचा, आणि तेव्हाही गवंडीच असायचा. घरच्यांची तक्रार तीच होती.

आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे ते त्यावर कळतं. याच्या खिशात तो कायम असायचा. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी चहा येईपर्यंत त्यांच्या दारांच्या चौकटी याच्या तपासून व्हायच्या. पुन्हा बोलावणं येत नसे. मी त्याच्याबरोबर एकाच परांचीवर काम केलं आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, म्हणून मला दोन्हीकडचं दिसायचं. प्लास्टर त्याच्यासारखं कोणी करत नव्हतं. हात ठेवला तर घसरावा.

पाव आधी त्याची बायको भाजायची. रविवारी दुपारी त्याची थोरली बहीण, म्हणजे आक्का, आणि मुलगी-जावई जेवायला यायचे. बायको गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे जेवण मोडणार. याने मोडू दिलं नाही. आठवडाभर घरात एकटा. रविवारी टेबलाभोवती माणसं बसली की त्याचा पुढचा आठवडा निघायचा. हे तो कधी बोलला नाही. पण शनिवारी संध्याकाळी खुर्च्या एका रेषेत याव्यात म्हणून त्याला दोरी धरताना मी पाहिलं आहे. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

परसात त्याने उरलेल्या विटांची भट्टी बांधली. भट्टी उत्तम होती. घोळ पिठात होता, म्हणजे पिठाबद्दलच्या त्याच्या मतात होता. मैद्याचा ढीग करायचा, मधे आळं, आळ्यात खमिराचं पाणी, आणि सिमेंटचा माल कालवावा तसा कडेकडेने मैदा आत ओढायचा. इथवर ठीक. पण पीठ फुगायला लागलं की हा अस्वस्थ. प्लास्टर फुगलं म्हणजे ते आतून सुटलं, ठोकून पाडा आणि नव्याने करा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो पिठावर फळी ठेवायचा आणि फळीवर विटा. मग वरून सपाट पट्टी लावून, एक डोळा मिटून बघायचा. पट्टीखालून उजेड दिसेनासा झाला की पाव भट्टीत.

“बाबा, फुगू द्या ना त्याला,” मुलगी म्हणायची. “आई फुगू द्यायची.”

“तुझी आई फार लाड करायची.”

“अहो, आतून जरा पोकळ असतो म्हणून तर पाव.”

“मग काय माणसांना हवा वाढू?”

भट्टीतून पाव निघायचा तो काटकोनात, चारी कडा धारेच्या. सुरी चालत नसे. तो करवत आणायचा आणि भुसा सांडू नये म्हणून खाली कागद पसरायचा. मी बहुतेक रविवारी तिथे असायचो, आणि कागद धरायचं काम माझ्याकडे होतं.

जावई बसडेपोत मेकॅनिक. सभ्य माणूस, पण भूक लागली की तोही सुटायचा. “बाबा, हा भिंतीत लावला तर किती टिकेल?” असं त्याने एकदा विचारलं.

याने प्रश्न मनापासून घेतला. पाव टकटक वाजवून कानाशी धरला. “ओल लागली नाही तर टिकेल,” म्हणाला. “पण विटेपेक्षा महाग पडेल.”

शेवटी आक्काच बोलली. घरात तिचा शब्द खाली पडत नसे.

“हे बघ, येत्या रविवारी पाव माझ्या दातांनी तुटला तर ठीक. नाहीतर यापुढे जेवण माझ्याकडे. मी पाव बेकरीतून आणीन.”

“बेकरीतून?”

“हो. चांगला टम्म फुगलेला.”

जेवण आक्काकडे गेलं तर काय होणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. तिचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हा काम असल्याशिवाय कोणाकडे जाणारा नव्हे. एकदा जाईल, दोनदा जाईल, मग गुडघे दुखतात म्हणून सांगेल आणि रविवारीही एकटाच जेवेल.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “या वेळी विटा ठेवू नकोस.”

“अरे, वेळ अशी आलीये आणि मी हात आखडू?”

त्याचं तेच होतं. मेहनतीत कसूर त्याने कधी केली नाही, आणि कुठलीही गोष्ट बिघडली की मेहनत कमी पडली एवढंच त्याला समजायचं. त्या रविवारी त्याने पीठ बनियन पिळून काढावं लागेल इतकं मळलं. विटा पुरेनात म्हणून माझ्या परसातल्या नेल्या.

दुपारी सगळे बसले. त्याने करवतीने पहिला तुकडा कापला, कडा पुसली आणि आक्कापुढे ठेवला. आक्काने आयुष्यभर शिवणकाम करताना दोरा दातांनी तोडला होता. तिने तुकडा उचलला, नीट बघितला आणि चावला.

टक् असा आवाज आला.

“तुटला का पाव?” जावयाने विचारलं.

“नाही,” आक्का तोंडावर हात धरून म्हणाली. “पाव आहे तसा आहे.”

याचा चेहरा चुन्यासारखा झाला. धावत जाऊन बॅटरी आणली आणि तिच्या तोंडात उजेड टाकला. “तडा आडवा गेलाय. पाया शाबूत आहे.”

“दात आहे तो मेल्या, भिंत नाही.”

“मी करून देतो.”

“तू?”

“डॉक्टरकडून गं.”

मग तो उठला आणि जेवण मोडलं असं धरून खुर्च्या भिंतीशी नेऊन लावायला लागला. आधी त्याची स्वतःची. मग जावयाची, जावयासकट. जावई ताटली हातात धरून भिंतीपर्यंत गेला.

“खुर्ची आण ती परत,” आक्का म्हणाली. “मला भूक लागलीये.”

चावणं तर आता शक्य नव्हतं. मुलीने भाज्यांचं सूप केलं होतं. आक्काने पावाचा तुकडा त्यात बुडवला आणि वाट बघत बसली. दुसरा कुठलाही पाव तेवढ्यात विरघळून गाळ झाला असता. हा टिकला. सूप पोटभर प्याला, मऊ पडला, पण कडा सोडल्या नाहीत. आक्काने तो चोखून खाल्ला. मग दुसरा बुडवला. ते बघून मुलीने बुडवला, जावयाने भिंतीजवळून हात लांब केला. थोड्या वेळात सूप संपलं. पाव उरला, पण तो नेहमीच उरायचा.

“मग पुढच्या रविवारी तुझ्याकडे,” तो ताटलीकडे बघत म्हणाला.

“दात होईपर्यंत मला भिजवूनच खायचंय. बेकरीचा पाव भिजवला की त्याची लापशी होते. मी इथेच येणार.” मग मुलीकडे वळून, “तू पातेलं मोठं घे.” आणि त्याला, “विटा काढायच्या नाहीत.”

दाताचा डॉक्टर तारखांवर तारखा देणारा निघाला. प्रत्येक वेळी हा आक्काबरोबर जायचा. पाया किती खोल घेतलाय, असं त्याने डॉक्टरला विचारल्यावर त्याला बाहेर बसवू लागले. तोवर कित्येक रविवार गेले. सूप आणि भिजवलेला पाव सगळ्यांच्या अंगवळणी पडला, आणि आक्काच्या घरी जेवायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

त्या दिवसांत आम्ही एका इमारतीचा जिना करत होतो. जिन्याचं काम कोणी हौसेने घेत नाही. दिवसभर गुडघ्यांवर बसायचं, प्रत्येक पायरीची कड हाताने ओढायची, आणि एक कड वाकडी गेली तर वरच्या सगळ्या वाकड्या जातात. त्याची एकही गेली नाही. काम संपल्यावर मजुरी मिळाली ती घेऊन तो घरी न जाता थेट दाताच्या डॉक्टरकडे गेला. सगळी तिथे लागली. त्यातून आक्काच्या सुळ्याशेजारी एक नवा दात बसला.